मालतीताईंनी अडवलेली खजुराची रोपं

सकाळी फोन वाजला तेव्हा तो कच्छमधले शेतकरी वेलजीभाई यांचा असणार असं वाटलं. आम्ही दिलेल्या खजुराच्या झाडांना त्या दिवसांत पहिली फळं धरत होती आणि त्याच बातमीची मला धास्ती होती. पण फोन गव्हाणहून होता, मालतीताईंच्या मुलीचा. आई झोपेतच गेली, एवढंच ती म्हणाली... त्याला आता सहा आठवडे झाले.

खांदा कॉलनीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत ताई बाटल्या धुवायला म्हणून आल्या होत्या. खजुराच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा बाटलीत वाढवायचा, तो कापून त्याचे भाग नव्या बाटल्यांत लावायचे, असं करत एका झाडाची हजारो रोपं करायची, हे आमचं काम. ताई ते बघून बघून शिकल्या आणि काही वर्षांत वाढीची खोली त्यांच्याच ताब्यात आली. पाच वर्षांपूर्वी कच्छला माल पाठवायची घाई चालली असताना त्या एक ट्रे घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, यांची पानं रुंद झाल्यान. आपुन लय येला कापली यांना. मूळ झाडासारखी ही नाय रायली." उन्हात गेली की सुधारतील, असं मी म्हणालो. खजुराचं खरंखोटं फळ धरल्यावरच कळतं, तोवर शेतकरी वर्षानुवर्षं पाणी घालत राहतो, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो. ताईंनी भांडून अर्धी रोपं अडवली, उरलेली मी पाठवली.

अडवलेली रोपं नष्ट करून त्यांनी मूळ झाडाच्या कोंबांपासून नव्याने सुरुवात केली. कोंब भराभर फुटावेत म्हणून बाटलीत घालायची संप्रेरकं कमी, कापणं कमी. वाढ इतकी मंद की मी चिडायचो, पण पानं अरुंद आणि सरळ यायची. वेलजीभाईंना फोन केला का, असं त्या दरवर्षी विचारायच्या. मी टाळायचो.

त्यांच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी वेलजीभाईंचाच फोन आला. बरीच झाडं चांगली होती, पण काहींवर तीन-तीन फळं एकत्र चिकटलेली, आत बी नाही. अशी फळं नीट पिकत नाहीत. ताईंनी तेव्हा काय सांगितलं होतं आणि मी कसं ऐकलं नाही, ते सगळं मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "उस बहन को फोन दीजिए."

ताई गेल्याचं मी सांगितलं. बिघडलेल्या झाडांच्या जागी ताईंनी नव्याने वाढवलेली रोपं घ्यायला ते तयार झाले. पुन्हा पाच वर्षं वाट बघणं आलं, त्यांना आणि मलाही.

परवा मोठी मागणी आली. रोपं कमी पडत होती, म्हणून वाढीच्या खोलीत जाऊन मी फळीवरची एक बाटली उचलली. आणखी एकदा कापलं तर काय होतंय, असं मनात आलंच. काचेवर ताईंनी निळ्या पेनाने कापण्यागणिक एकेक रेघ ओढलेली होती. सहा रेघा, आणि पुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बस'. बाटली मी होती तिथे ठेवली.