तांडेल, चिंगी आणि काकी

काकीचा एक कान कायम पडवीकडे असायचा. समोर बसून बोलत असली तरी मधेच हात वर करून आपल्याला थांबवायची. बाहेर कोंबडी जरा वेगळी ओरडली की उठून बघून यायची. आपण घाबरट आहोत हे सांगायला तिला कमीपणा वाटत नसे. काका मुंबईला गोदीत. मालवणच्या खाडीकाठच्या घरात ती, सात कोंबड्या आणि एक तांबडा कुत्रा. दिसेल त्या होडीत पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसायचा, म्हणून त्याचं नाव तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या.

आंबोलीजवळच्या आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला काकीकडे ठेवायचं ठरवलं. मी एस.टी.तून उतरले ती टोपलीत माझं मांजर, चिंगी, घेऊनच. टोपलीतून आवाज आला आणि काकीचा चेहरा पडला. आदल्या वर्षी तांडेलने शेजारचं मांजर मारलं होतं. तिने ते मला तिथेच सांगितलं. परत पाठव मात्र म्हणाली नाही.

चिंगीला तिने मागच्या खोलीत ठेवलं आणि दाराला कडी घातली. एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून तांडेलचं गोणपाट चिंगीच्या खोलीत टाकलं आणि चिंगीचं फडकं तांडेलच्या जागेवर. दोघांना जेवण एकाच वेळी, बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे. पहिले काही दिवस तांडेल दारावर गुरगुरायचा, आत चिंगी फिस्कारायची, आणि मधे काकी घास हातात धरून ऐकत बसायची. मी रोज विचारायची, दार कधी उघडायचं? ती म्हणायची, "तेंका घाय नाय गो. घाय आपल्याक आसता."

पुढे चार दिवस दोघंही दाराशी मुकाट जेवली. मला वाटलं, झालं. दुपारी काकी विहिरीवर गेली आणि मी कडी काढली. तांडेल एका झेपेत आत. चिंगीची मान त्याच्या जबड्यात जायची, तेवढ्यात धावत आलेल्या काकीने आपला उजवा हात मधे घातला. चिंगी माळ्यावर पळाली. काकीच्या तळव्यातून रक्ताची धार लागली.

शेजारी जमले. कुत्रा पिसाळलाय, मारून टाका, असं एक-दोघं बोलले. काकी हाताला लुगड्याचा पदर गुंडाळत म्हणाली, "तो माका चावाक नाय. माझो हात मधी इलो." कडी आपणच नीट घातली नव्हती, असंही तिने सांगितलं. मी तिथेच उभी होते.

डॉक्टरांनी दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायला सांगितलं. तो धड राहिला तर पोटातली चौदा इंजेक्शनं टळणार होती. तांडेलला साखळी आली. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, म्हणून रोज सकाळी काकी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवायची आणि तो जीभ लावीपर्यंत श्वास धरून उभी राहायची. एकदा त्याने पाण्याकडे नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं. काकी तिथेच, भांड्यापाशी बसून राहिली. दुपारी तो प्यायला, तोवर आमच्या घरात चूल पेटली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तो पाणी पिऊन शेपटी हलवत उभा होता. काकीने त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग मला मागच्या दाराशी नेलं. गोणपाट, फडकं, सगळं पुन्हा पहिल्यापासून होणार होतं. "आजपासून ही कडी तू सांबाळ," ती म्हणाली. कोणी उघडली होती, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही नाही.

मी अडीच महिने ती कडी सांभाळली. नंतर कधीतरी चिंगी आपणहून येऊन तांडेलच्या गोणपाटावर झोपली, तेव्हा आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

मॅट्रिक होऊन पुढच्या शिक्षणाला निघाले तेव्हा मी टोपली काढली. काकीने अडवलं नाही. त्या चाव्यापासून उजव्या हाताची दोन बोटं तिला वळत नसत. त्याच हाताने तिने चिंगीसाठी सुकटाची पुडी बांधली. मग विचारलं, "थंय चिंगीक सवय होयसर दार कोण सांबाळतलो?" माझ्या होस्टेलात चिंगीला सवय होईपर्यंत दार सांभाळणारं कुणी नव्हतं. तांडेल पायरीवर होता, चिंगी त्याच्या पाठीला लागून. मी पुडी काकीच्या हातात परत दिली आणि एकटीच एस.टी.त बसले.