तीन टंबलर पाणी

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा माणूस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी अक्काची धुतलेली साडी पिशवीत भरत होते. दोन दिवस रुग्णालयात बसून त्या सकाळी तासाभरासाठी आंघोळीला म्हणून घरी आले होते. फोन आलाय, असं काही तो म्हणाला नाही. नुसतं "अम्मा, जरा या" म्हणाला आणि खाली बघत राहिला. त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळलं… तरी मी चप्पल शोधली, दाराला कुलूप लावलं, बूथपर्यंत चालत गेले आणि शांतीच्या तोंडून ते ऐकलं. शांती म्हणजे त्या वॉर्डातली नर्स, अक्काची जुनी विद्यार्थिनी. "टीचर गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा रडू आलं नाही. आता तो रुग्णालयाचा जिना पुन्हा चढायला नको, असं मनात आलं. इतकी मी थकले होते. त्याला सहा आठवडे झाले आणि थकवा अजून उतरलेला नाही.

आम्ही दोघी बहिणी. घराणं मराठी, पण तंजावरात इतक्या पिढ्या गेल्या की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून आधी गालातल्या गालात हसतात आणि मगच पानावर बसतात. माझी नोकरी ग्रंथालयात जुन्या मराठी कागदांच्या याद्या करण्यात गेली, म्हणून मला असं लिहिता तरी येतं. अक्काला देवनागरी धड वाचता येत नसे. ती मुलींच्या शाळेत तमिळमधून जीवशास्त्र शिकवायची. लग्न तिने केलं नाही. मी केलं आणि चार वर्षांत विधवा होऊन परत आले. तेव्हापासून बाजार तिचा आणि स्वयंपाक माझा, अशी आमची वाटणी होती.

परीक्षा जवळ आली की मुली घरी यायच्या. अक्का दारापुढे पाणी शिंपडून रांगोळीने हृदय काढायची, चार कप्प्यांचं, गाडी उभी राहील एवढं मोठं. शेजारी दोन फुप्फुसं. मग मुलींनी रक्त व्हायचं. हातात निळी रिबीन घेऊन उजव्या कप्प्यात शिरायचं, तिथून फुप्फुसात, तिथे निळी टाकून तांबडी घ्यायची आणि डाव्या कप्प्यातून बाहेर पडून थेट समोरच्या नळापर्यंत जायचं. दोन कप्प्यांच्या मध्ये एक धिप्पाड मुलगी झडप म्हणून उभी असे. पुढे जाणाऱ्याला वाट द्यायची, मागे फिरणाऱ्याला दामटायचं, एवढंच तिचं काम. एकदा समोरच्या मामी वैतागून म्हणाल्या, "शुक्रवारी दारात लक्ष्मीची पावलं काढायची, की हे काळीज?" अक्का उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "मामी, तुमच्यातही आहे की हे. शुक्रवारीसुद्धा चालतं." त्यानंतर मामी महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

मूत्रपिंडाच्या धड्याला माझा कॉफीचा फिल्टर पळवला जायचा. मुलींना वाटे, आलं लक्षात, मूत्रपिंड म्हणजे गाळणं. तसं कुणी म्हटलं की अक्का चिडायची. "फिल्टर गाळतो आणि मोकळा होतो. मूत्रपिंड रक्तातलं पाणी, मीठ, साखर, आधी कितीतरी सोडून देतं आणि मग त्यातलं कामाचं तेवढं परत घेतं. गाळणं सोपं गे, परत घेणं कठीण." मी आतून हे दरवर्षी ऐकायची. खरं तर ऐकत नव्हतेच. फिल्टर कधी परत मिळतो, याकडे माझं लक्ष.

ती निवृत्त झाली त्या सुमारास गावात सगळंच नवं येत होतं, केबल टीव्ही, थंड पेयांचे लाल फ्रिज, संगणकावर छापलेले रिपोर्ट देणाऱ्या लॅब. असाच एक रिपोर्ट अक्काने पेपर तपासावा तसा बोट फिरवत वाचला आणि "दोन्ही नापास" म्हणाली. तिची मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा तिरुचीला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला सांगितलं. तिने साफ नकार दिला. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. उपयोग झाला नाही. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "निदान पाणी सांभाळा. दिवसाला तीन टंबलर, वर थेंब नाही."

ते मी सांभाळलं. जन्मभर याद्या केलेली बाई मी, नेमून दिलेल्या कामात चूक करत नाही. चैत्रातल्या उन्हात तिचे ओठ सुकायचे, आणि मी चौथा टंबलर दिला नाही. जीव तुटायचा, पण नाही दिला. पाणी देता येत नाही म्हणून मग जेवणात हात सैल सोडला. भातावर सार, वरून वाटीत सार, दुपारी पातळ ताक, दोन वेळा कॉफी. आमच्या घरात सार म्हणजे जेवण. त्याला पाणी कोण म्हणतं? माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अक्का मुकाट्याने जेवायची आणि वाटी पुढे करायची. "आणखी आहे का गे?" मला तेवढंच बरं वाटायचं.

आधी पाय सुजले. मग आडवं पडलं की धाप लागायला लागली, ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. रुग्णालयात शांतीने विचारलं, काय काय पोटात जात होतं? मी अभिमानाने तीन टंबलर सांगितले. "आणि त्याखेरीज?" त्याखेरीज काही नाही, जेवण, म्हणून मी सगळं सांगत गेले. शांतीने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, तेही पाणीच अम्मा. बाहेर पडायला वाट नाही, ते रक्तात साठतं, हृदयाला ओढवत नाही आणि शेवटी फुप्फुसात उतरतं… तिला हे कुणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं. आमच्याच दारात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्काला जरा श्वास मिळाला तेव्हा मी विचारलं. रागानेच विचारलं. "तुला कळत होतं. इतक्या पोरींना शिकवलंस, मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तूं अस्कं बंद केलं असतंस की गे."

अस्कं म्हणजे सगळं. सार, ताक, कॉफी. बाकी सगळ्या आयुष्यात तिने माझ्या हाताला 'ठीक आहे'च्या वर गुण दिले नव्हते. तिने माझ्या स्वयंपाकाची केलेली ही एकच स्तुती, आणि ती मला अशी मिळाली. की माझ्या मनाला लागू नये म्हणून बोलली? मास्तरीण होती, रडकुंडीला आलेल्या पोरीला दोन गुण वाढवून द्यायची तिला सवय होती. मला तिचा राग येतो. फार येतो. मग माझा येतो, आणि मग दोन्ही राग धरून ठेवायची ताकद राहत नाही.

स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीशी तिचा पाट अजून तसाच मांडलेला आहे. मी तो उचलत नाही, त्याच्या भोवतीने केर काढते. परवा पहिल्यांदा सार केलं. एकटीपुरतं करता येत नाही, हात दोघींचाच पडतो. पाटासमोर बसून वाटीतून प्यायले. मिरी-जिरं नेमकं उतरलं होतं, चिंच बेताची होती.

सार चांगलं झालं होतं. पण अक्का, जीव द्यावा इतकं चांगलं नव्हतं गे.