बाजेवरची टाकी

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, यांच्याइतका घाबरट मोटारवाला अख्ख्या नागपुरात झाला नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली, ती काही मिरवायला नव्हे. आत्याचं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवर, चिखलात रुतलेल्या बैलांच्या दमणीतच दगावलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि या खेपेला वाहन अडता कामा नये, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. पण त्या मोटारीचा पेट्रोलचा काटा कायम ‘भरली आहे’ असंच सांगायचा. म्हणून मामाजी टाकीत कडुलिंबाची काडी बुडवून बघत, मग ती हुंगत, मग मला हुंगायला लावत. टाकी झिरपायचीही. भेगेत कपडे धुण्याचा साबण घासून ते गळती थांबवत, तरी इतवारीतून सीताबर्डीला जाताना पाच वेळा उतरून, धोतर सावरत मोटारीखाली वाकत. मागचे टांगेवाले तेव्हा जे बोलत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नववा महिना लागला आणि त्यांचा साबणावरचाही भरवसा उडाला. टाकी काढून तांबटाकडून भेग डाग देऊन बुजवून आणली. भडका उडेल या भीतीने आधी तीनदा पाण्याने धुतली होती. मग त्या पाण्याचीच धास्ती! अंगणात बाज टाकून टाकी सांडग्यांसारखी उन्हात घातली. दोन दिवसांनी तांबट येऊन म्हणाला, “मालक, सुकली आता. काहून थांबून राहिले?”

“तुले काय जाते? आत एक थेंब राहिला त अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडन!”

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याला कळा सुरू झाल्या. मोटार दारात, टाकी बाजेवर. मामाजी मटकन खाली बसले. मीच धावत जाऊन टांगा आणला. वाटेत तो जरा थबकला की मामाजी उडी मारून त्याच्याखाली वाकून बघत. शेवटी आत्या कळा सोसत ओरडली, “अवो, टांग्याले टाकी नसते!” मला त्यातही हसू आलं.

दवाखान्याच्या पायरीवर मामाजी तासभर बसून होते. मग आतून रडणं ऐकू आलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “रडून राहिलं ना गा? तुले आलं ना ऐकू?” मी हो म्हणालो. मग त्यांनी टांगेवाल्याला विचारलं. तोही हो म्हणाला. नर्सने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं, दोघी सुखरूप असल्याचं सांगितलं, तरी ते उठेनात. आज मामाजी नाहीत, पण त्या हाताची पकड मला अजून आठवते आणि जीव हळहळतो. मीच त्यांना धरून आत नेलं. आत्या बाळाला थोपटत होती.

“थांब वं,” मामाजी म्हणाले, “चूप नको करू. रडू दे तिले.”