खालच्या दोरीखालून

लेस्टरला मी मुय थाई बघायला गेले ती मैत्रिणीच्या लेकीसाठी. एरवी थाई बॉक्सिंगशी माझा काय संबंध? मैत्रीण माझी कॉलेजच्या होस्टेलवरची. लग्न करून ती इंग्लंडात लेस्टरला आली, मी बऱ्याच वर्षांनी नोकरीसाठी बेसिंगस्टोकला. लेक इथेच जन्मली, इथेच वाढली, आता युनिव्हर्सिटीत आहे. तिचा फोन आला.

"मावशी, माझा पहिला फाइट आहे. तू येणार. पण हसायचं नाही, आणि ओरडायचं पण नाही."

"मग करायचं काय?"

"बसायचं. बघायचं. आणि भडंग आण."

रविवार असल्यामुळे रुळांची कामं चालू होती, अर्धा प्रवास रिप्लेसमेंट बसने झाला. मांडीवर भडंगाचा डबा घेऊन मी दुपारी हॉलवर पोचले. कौन्सिलचा साधा स्पोर्ट्स हॉल. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, मधोमध रिंग, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अंगाला चोळायच्या तेलाचा वास सगळीकडे, आपल्या बामसारखा, पण जास्त डोळ्यांत जाणारा. दारावर मोठा फलक: अस्सल थाई परंपरेप्रमाणे सामने. आयोजक पन्नाशीचा इंग्रज गृहस्थ, हातभर थाई अक्षरं गोंदवलेली. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करत होता. मला आवडलं ते, उगाच खोटं कशाला सांगू.

आधी पुरुषांच्या लढती झाल्या. एकेक जण यायचा, सगळ्यात वरच्या दोरीवरून तंगडी टाकून रिंगमध्ये उतरायचा. डोकं पवित्र, त्याच्यावर काही येता कामा नये, असं माइकवरून समजावून सांगितलं. मग तो लढवय्या रिंगभर फिरून, गुडघे टेकून, संथ हातवारे करत आपल्या गुरूला वंदन करायचा. मागे सनईसारखं काहीतरी वाजायचं, रेकॉर्डवर. गुरूला ते लोक क्रू म्हणतात. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही पहिलवान आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि मगच भिडतो.

मग बायकांची पहिली लढत आली. एक मुलगी रिंगच्या पायऱ्या चढली, पोटावर पालथी पडली आणि सगळ्यात खालच्या दोरीखालून सरपटत आत गेली. तिच्या पाठोपाठ दुसरीही तशीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे काय?" मी मैत्रिणीला विचारलं.

"बायकांनी खालूनच जायचं असतं म्हणे. मलाही आज सकाळी कळलं."

"आणि आपली लेक पण तशीच जाणार?"

मैत्रिणीचा नवरा पलीकडून म्हणाला, "अहो, त्यांची परंपरा आहे. आपण बाहेरचे. कशाला मध्ये पडता?"

भाऊजी सज्जन आहेत, पण 'परंपरा' या शब्दावर माझं डोकं फिरतं. आमच्या गावात तालीम होती आणि चुलते पहिलवान होते. त्यांच्या दुधाचा तांब्या घेऊन मी जायचे, तो उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागे फिरायचं. आत मारुती आहे, बायकांनी यायचं नाही. मारुतीने स्वतः असं सांगितल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पुढे आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मुलगा नाही, मुलगी. तेव्हाही हाच शब्द माझ्या आडवा घातला होता आणि मी तो ओलांडून गेले. तो पुन्हा भेटायला मला लेस्टरपर्यंत यावं लागलं.

मी उठले आणि आयोजकाला गाठलं. इंग्रजीतच विचारलं, "बायका खालून का जातात?"

"परंपरा आहे, मॅडम. शेकडो वर्षांची."

"ते कळलं. कारण काय?"

"आदर. आम्ही इथे सगळं थायलंडसारखंच करतो."

"आदर कुणाचा?"

तो हसला. घड्याळाकडे बघितलं. "रिंगचा."

"म्हणजे बाईच्या अंगाने रिंग बाटते, हेच ना? पाळीमुळे. आमच्या गावातही हेच कारण होतं, मला पाठ आहे. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याचा चेहरा लाल झाला. "मी हे नियम केलेले नाहीत," म्हणाला. "ज्यांना पटत नाही त्यांनी लढू नये. सक्ती नाही." आणि हात जोडून, वाकून नमस्कार करून निघून गेला. या वेळी तो नमस्कार मला मुळीच आवडला नाही.

लेक चेंजिंग रूमबाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती. शेजारी तिचा क्रू, म्हातारा थाई माणूस, तिच्या डोक्यावर बांधायचं गोफासारखं कडं हातात घेऊन उभा. पुरुषांच्या डोक्यावर ते बाहेरूनच असायचं. हिला मात्र सरपटून आत गेल्यावर घालणार होते.

"खालून जाऊ नकोस," मी तिला म्हणाले.

"मावशी, प्लीज. मग फाइट कॅन्सल. ऑर्गनायझरने सांगितलंय."

"होऊ दे."

"तुला काय, होऊ दे?" उड्या थांबवून ती म्हणाली. "वर्षभर मी सकाळी उठून रनिंग केलं. वजनासाठी दिवाळीला एक लाडू नाही खाल्लं. चुलत बहिणीच्या लग्नाला पण नाही गेली मी. मला फाइट करायचंय. बाकी नंतर."

मी क्रूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

तिचं नाव पुकारलं. ती पायऱ्या चढली, पालथी झाली आणि कोपरांवर सरपटत खालच्या दोरीखालून आत गेली. पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाइल काढून ते टिपलं. मैत्रीण खाली बघत राहिली. दोन पदव्या मिळवलेली बाई, लेकीच्या पहिल्या लढतीत तिला वर बघवेना. मी मात्र बघितलं. कुणीतरी बघायला हवं होतं.

वेळ होत चालली होती म्हणून आयोजकाने माइकवरून सांगितलं, या लढतीत वंदन थोडक्यात उरकूया. पुरुषांची वंदनं सगळी पूर्ण झाली होती, बरं का. म्हणजे सरपटण्याची परंपरा शेकडो वर्षांची, ती मोडायची नाही. वंदनाची परंपरा मात्र हॉलच्या बुकिंगपुरती.

कॉव्हेंट्रीहून आलेल्या दुसऱ्या मुलीने भराभर हात जोडले आणि ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आमच्या लेकीने मात्र दोरीला हात लावून रिंगची पूर्ण फेरी घातली. मधोमध आली, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. आयोजकाने बोट गरगर फिरवून आटप म्हणून खूण केली. तिने बघितलं, मी शपथेवर सांगते, आणि आणखी सावकाश हात उचलला. मग संगीतच बंद झालं. हॉल कुजबुजला, कुणीतरी शीळ घातली. ती थांबली नाही. तेवढ्यात तिच्या कोपऱ्यातून थप, थप असा आवाज यायला लागला. क्रू रिंगच्या कडेवर तळहाताने ठेका धरत होता. तिने ते वंदन शेवटपर्यंत केलं, चारही दिशांना, एकही हालचाल न गाळता. भाऊजी खुर्चीच्या काठावर आले होते. "करू दे तिला," ते म्हणाले, कोणाला कोण जाणे.

लढत ती हरली. कॉव्हेंट्रीची मुलगी उंच होती, तिची लाथ लांबून पोचायची. आमची शेवटपर्यंत पुढे पुढे जात राहिली, पण पंचांनी हात दुसरीचा वर केला आणि ते बरोबरच होतं.

आता बाहेर यायचं. आयोजकाने खालच्या दोरीकडे बोट दाखवलं. लेकीने क्रूकडे बघितलं. म्हातारा वर चढला, मधल्या दोरीवर पाय देऊन ती खाली दाबली, वरची दोरी खांद्याने उचलून धरली आणि तिला मधून बाहेर काढलं. आयोजकाने माइकवर पुढची नावं पुकारली.

बऱ्याच जणांना हे पुरेसं वाटेल. मला नाही वाटलं. मी क्रूला बाहेर गाठलं.

"तुमच्या जिममध्येही असंच सरपटायला लावता का?"

"माझ्याकडे रिंग नाही, नुसत्या मॅट आहेत. कोणीही कुठूनही येतं."

"मग आत का नाही बोललात?"

"तो शो त्याचा आहे," तो म्हणाला. "मी इथे पाहुणा."

मी बघतच राहिले. थायलंडमध्ये जन्मलेला माणूस, आणि एका इंग्रजाने मांडलेल्या थाई परंपरेत हा पाहुणा. याच्यावर चिडावं की याच्यासाठी चिडावं, मला ठरवता येईना. मी दोन्ही केलं.

घरी आल्यावर लेक सोफ्यावर पाय पसरून बसली. नडगीवर फ्रोझन मटारची पिशवी आणि मांडीवर माझा भडंगाचा डबा. भाऊजी चहा टाकत होते.

"मावशी, तू त्या माणसाला काय विचारलं? तो एकदम टोमॅटो झालेला."

"बायका खालून का जातात ते विचारलं."

"रिस्पेक्ट. वाकून जायचं, humble. मला तसंच सांगितलंय."

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने मान हलवली, सांग म्हणून. मी सांगितलं, भाऊजींसमोर, स्पष्ट शब्दांत.

लेकीचा भडंगाचा घास हातातच राहिला. "पीरियड्स? ह्याच्यासाठी मी जमिनीवर सरपटली?"

किचनमध्ये चहा उतू गेला.

तिने मटारची पिशवी बाजूला ठेवली आणि क्रूला फोन लावला, स्पीकरवर. त्याने आधी नडगीची चौकशी केली. ती म्हणाली, "पायाचं राहू दे. पुढच्या फाइटला मी वरून जाणार. तुम्ही माझ्या कॉर्नरला असणार का नाही, एवढंच सांगा."

तो म्हणाला, "असेन. पण त्या शोमध्ये तुला घेणार नाहीत."

"नको घेऊ दे. दुसरीकडे जाऊ."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आणि तू त्या टोमॅटोला अजून काही बोलली का नाहीस?" चांगलाच आवाज चढवून विचारलं. हॉलमध्ये इतका वेळ हाच राग घेऊन मी एकटी बसले होते. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.