वडिलांना वाचून दाखवलेली कथा
कोऱ्या दिवाळी अंकाचा वास आला की मला निमगाव केतकीचा आमचा पानमळा आठवतो. नव्वदच्या दशकात माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली. आजोबा आणि वडील दोघंही नावाजलेले कथाकार, त्यामुळं "बापानंच लिहून दिली असंल," असं लोक बोलले. वडिलांची दृष्टी तोवर गेली होती. वेलींच्या ओल्या सावलीत बसून मी त्यांना कथा वाचून दाखवली. ते हातातलं विड्याचं पान चुरगळत राहिले. मग म्हणाले, "ह्यात माझं कायबी न्हाय, तुझ्या आज्याचंबी न्हाय. सगळं तुझं हाय, पोरी." आता माझी पुस्तकं निघतात. कथा संपली की अजूनही मी ती मोठ्यानं वाचते, पण "सगळं तुझं हाय" एवढं सांगणारं कुणी उरलं नाही.