विहिरीत राहिलेली मुलगी

जिंतूरच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. माझं गाव मानवतकडचं. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबरोबर खोली घेतली. ती शेतकरी मराठा घरातली, मी बौद्ध. स्टोव्ह आमचा एकच. तिच्या आईला हे कळलं तेव्हा आई लगेच दोन दिवस राहायला आली. पहिल्या दिवशी नुसता चहा प्यायली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातची भाकरी खाल्ली, "जरा जाड थापतीस गं," एवढंच म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं गेली.

नर्सला एका साप्ताहिकाचं भारी वेड. दर शुक्रवारी ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर यायचं आणि ड्यूटी संपली की ती आधी तिकडेच जायची. त्यात एक अद्भुत कादंबरी क्रमशः येत होती. एक राजा लोकांच्या सावल्या चोरतो. ज्याची सावली गेली त्याला आपलं घर आठवत नाही. राजपुत्राची सावली त्यानं एका पडक्या विहिरीत लपवून ठेवलेली असते. ती आणायला कुंभाराची एक मुलगी दोराला धरून खाली उतरते. वर दोर धरून म्हातारा वजीर उभा असतो. मुलगी तळाशी पोचते, सावली घागरीत भरून वेगळ्या दोरीनं वर पाठवते, आणि घागर हातात येताच वजीर कट्यार काढून दोर कापून टाकतो.

प्रकरण तिथं संपलं. पुढच्या अंकात राजपुत्र जहाजात बसून समुद्रापलीकडं निघाला होता. मुलीचा शब्दही नव्हता.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दिवस कलायला लागला की आम्ही दोघी ओट्यावर बसायचो आणि मी मोठ्यानं वाचायची. शेजारी तहसीलमधले एक कारकून राहायचे, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते आधी आपल्या दारातूनच ऐकायचे, मग खुर्ची घेऊन आले. चौथ्या होत्या मावशी. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या, केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले. घरी जाताना आमच्या ओट्यापाशी थांबायच्या, तिथंच टेकायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं विसरायच्या नाहीत.

वाद सुरू झाला तो वजिरावरून.

"दोर कोणाच्या हातात होता? वजिराच्या. कट्यार कोणाची? वजिराची. आणखी काय पुरावा पाहिजे?" भाऊसाहेब म्हणायचे. "माणूस सरळ सरळ फितूर आहे."

नर्स मागचा अंक काढून दाखवायची. "हे बघा. सावली मिळाली की दोराला एक झटका द्यायचा असं ठरलं होतं. इथं दोन झटके लिहिलेत. म्हणजे खाली दुसरं कुणीतरी होतं आणि ते दोरावरून वर चढत होतं. वजिरानं गाव वाचवलं."

"छपाईची चूक आहे ती."

"सगळं तुमच्या बाजूचं तेवढं बरोबर छापतात वाटतं!"

एकदा तर हे दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. भाऊसाहेबांच्या बायकोला इंजेक्शन द्यायला नर्स गेली, तेव्हाही निरोप माझ्यामार्फत. मी कोणाच्याच बाजूची नव्हते. मला भांडता येत नसे. कुणी आवाज चढवला की मी अंकाचं पान उलटायची.

मावशींना वजिराचं काही पडलेलं नव्हतं. वाचन संपलं की त्या एकच विचारायच्या, "अन् त्या हिरीतल्या पोरीचं काय झालं?"

"काही लिहिलं नाही, मावशी."

"लेकरू खाली टाकून सगळे फुडं कसे काय जायलेत?"

दर शनिवारी हेच. भाऊसाहेब सांगून थकले की ती मेली, तिचं प्रकरण बंद झालं. "कुठं लिवलंय मेली म्हणून?" मावशी विचारायच्या, आणि तसं कुठंच लिहिलेलं नसल्यामुळं भाऊसाहेब पुन्हा वजिराकडं वळायचे.

एका शनिवारी मावशी फार दमून आल्या होत्या. त्या अंकातही राजपुत्र कुठल्याशा बेटावर पक्ष्यांशी लढत होता. वाचता वाचता माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी मधेच एक वाक्य घातलं. इकडं त्या पडक्या विहिरीतून एक हाक ऐकू आली, मी अजून आहे. एकाच दमात, छापलेलं वाचावं तसं वाचलं.

मावशी ताठ बसल्या. "आयकलं का भाऊसाहेब? हाय ती!" आणि इतक्या हसल्या की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

ते एक दिवस टिकलं. रविवारी भाऊसाहेब अंक वाचायला घेऊन गेले आणि संध्याकाळी परत द्यायला आले, तेव्हा मावशी समोरच्याच नळावर पाणी भरत होत्या. "बाई, ती विहिरीतली हाक कोणत्या पानावर आहे? मला काही सापडेना." त्यांनी सरळ मनानंच विचारलं होतं. मी अंक घेतला आणि उगाच पानं चाळत राहिले.

मावशींनी घागर खाली ठेवली. "खोटं वाचलं व्हय?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटावं म्हणून न्हाई इचारत मी. तिचं काय झालं ते इचारायलेय." त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मला वाचता येत न्हाई म्हणून तर तुमच्याकडं येते ना, बाई."

पुढच्या दोन शनिवारी त्या आल्या नाहीत. जिनिंगवरून येताना पलीकडच्या गल्लीनं जायच्या. मी वाचायची, पण नर्स आणि भाऊसाहेब वाद घालायचेही विसरले. त्या मावशींना मी वर्गातल्या लहान पोरांसारखं गोड बोलून गप्प केलं होतं, हे मला दिवसभर टोचत राहायचं.

मग नर्सनं दवाखान्यात एक पत्रक पाहिलं. परभणीच्या एका वाचनालयात व्याख्यानमाला होती आणि त्यात रविवारी आमच्या कादंबरीचे लेखक बोलणार होते. मी चप्पल घालून तशीच मावशींच्या घरी गेले. त्या ज्वारी निवडत होत्या. मी आधी माफी मागितली. त्यांनी वर पाहिलं नाही. मग मी म्हटलं, "ज्यानं ती गोष्ट लिहिली तो माणूस परभणीला येणार आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच विचारा त्याला."

सुपातली ज्वारी हलायची थांबली. "कोन्त्या दिवशी?"

सकाळच्या एसटीनं आम्ही चौघं निघालो. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं आणि भाकरी-ठेचा बांधून घेतला होता. भाऊसाहेबांनी सगळे अंक एका फाइलीत लावून वर तहसीलमधली फीत बांधली होती. बोरी गाव येईपर्यंत नर्स आणि ते वजिरावरून भांडत होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं की तुमचा हा वजीर कोणत्या गावचा.

व्याख्यान मराठी कादंबरीच्या वाटचालीवर होतं आणि आमच्या काही पदरात पडलं नाही. लेखक म्हणजे बारीक अंगाचे, बुशशर्ट घातलेले गृहस्थ. कुठल्याशा शाळेत भूमिती शिकवतात, असं ओळख करून देताना सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांना पायऱ्यांवर गाठलं. बोलायचं माझ्याकडं आलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं झाल्या.

"सायेब, ती हिरीतली पोरगी कुठं हाय?"

"कोणती मुलगी?"

"कुंभाराची. दोर कापला तिचा. तुमीच लिवलंय."

त्यांचा चेहरा कोराच राहिला. भाऊसाहेबांनी फीत सोडली, नेमका अंक काढला आणि बोट ठेवून दाखवलं. लेखकांनी उभ्या उभ्या वाचलं, मग पायरीवर बसले.

"मी विसरलो," ते म्हणाले.

"विसरलात?" भाऊसाहेबांचा आवाज चिरकला. नर्सनं माझा हात घट्ट धरला. आम्ही झटके मोजत बसलो होतो आणि या माणसाला ती मुलगीच आठवत नव्हती. मी रडायच्या बेतात होते.

मावशी मात्र त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "व्हतं असं. लय मानसं हायत गोष्टीत. पर आता आठवलं ना?"

ते हसले, थोडे ओशाळून. "मावशी, चार महिने झाले. इतके दिवस खाली काय खाऊन राहिली असेल ती?"

"पडकी हीर हाय ना? मग कपारीत पारवे असत्याल. अंडी असत्याल. पान्याची वल बी आसंल थोडी."

"आणि वर कशी येईल? दोर तर नाही."

मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं, हे काय विचारायचं झालं, अशा नजरेनं. "कुंभाराची पोर हाय ती. माती तिला मारंल का? खाचा खणंल. एक पाय ठिवायला, एक हात ठिवायला. आमच्याकडं हीर खणणारे आसंच वर येत्यात."

लेखकांनी खिशातून निमंत्रणपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर लिहून घेतलं. पारवे. खाचा. मग नर्सनं दोन झटक्यांचं विचारलं, भाऊसाहेबांनी फितुरीचं. ते म्हणाले, "तुम्ही दोघं भांडत राहा. मला अजून ठरवायचंय." मला वाटलं, आता मीही काहीतरी बोलावं. "सर," मी म्हटलं, "आम्ही विचारलं म्हणून नुसतं तिला वर काढू नका. ती आत एकटी असताना तिच्या मनात काय आलं तेही लिहा." एवढं लांब वाक्य मी परक्या माणसापुढं पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी तेही लिहून घेतलं.

नंतरचे कित्येक अंक राजपुत्र बेटावरच होता. भाऊसाहेब म्हणायला लागले, मोठी माणसं तोंडावर हो म्हणतात. मावशी मात्र दर शनिवारी येत. मी जे छापलंय तेवढंच वाचायची, स्वल्पविरामासकट.

पेरण्या उरकल्या होत्या, त्या सुमारास तो अंक आला. नर्सनं तो स्टँडवर उघडलाही नाही, धावतच खोलीवर आणला. शनिवारी ओट्यावर चौघं जमल्यावर मी तो उघडला, तर पहिल्याच ओळीत विहीर होती. मुलगी तळाशी सापडलेल्या खापरानं भिंतीत खाचा खणत होती. दोन खाचा खणायच्या, अंधारात आपल्या घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, मग पुढची खाच. पारव्यांची अंडी होती. शेवटी तिचं डोकं काठावर येतं आणि समोर तोच वजीर बसलेला असतो, आता आंधळा झालेला. "कोण आहे?" तो विचारतो. क्रमशः.

मावशींनी खाचांचं सगळं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "एक चुकलं. खाली वाकून खणायलीय म्हणतोय. वरच्या हातानं खणाय लागतं. पडंल ना ती!"

"पण वर आली ना, मावशी," नर्स म्हणाली.

"आली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आता ती त्याला सोडणार नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"आधी विचारेल, दोर का कापला," नर्स म्हणाली.

"मला वाटतं ती उत्तरच देणार नाही," मी म्हटलं. दोघंही एकदम माझ्याकडं वळले, आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. दिवेलागणीपर्यंत भांडले. स्टोव्हवरचा भात करपला.

पुढच्या शनिवारी मावशी लवकर आल्या. बरोबर जिनिंगमधल्या आणखी दोघी होत्या. त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं. मी जुने अंक आणायला उठले, तर मावशींनी हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगायला घेतलं. मी अंक मांडीवर ठेवून ऐकत बसले.