कोपरानं ओढायची दोरी

मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज मात्र एका म्हातारीचा इतका हेवा वाटला की लिहिल्याशिवाय राहवेना.

माझे पती जाऊन चार महिने झाले. वीज न पोचलेल्या धनगरवाड्यांसाठी ते स्वस्तातले सौरदिवे बनवायचे. त्यांनी बनवलेला शेवटचा दिवा शाहूवाडीकडच्या डोंगरात धोंडूबाई नावाच्या म्हातारीकडे आहे. तो आठवण म्हणून मागून आणायला आज कोल्हापूरहून गेले होते.

दिवा गोठ्यात टांगलेला होता. बटणाच्या जागी दोरीचा फास. हे असं का, मी विचारलं.

"मीच म्हटलं सायबास्नी, शेणाचं हात घिऊन बटन कसं दाबू? फुडच्या आइतवारी ही दोरी लावून दिली की! कोपरानं वढायची."

आमच्या स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये आहे. ते आत घ्या, असं मी त्यांना अकरा वर्षं सांगत होते. हिचं काम एका आठवड्यात झालं.

मी दिवा मागितला.

"न्या की वैनी, तुमच्याच माणसाचा हाय. तेवढी धार काढूस्तवर थांबा."

तिनं कोपरानं दोरी ओढली. दिवसाही काळोख असलेल्या त्या गोठ्यात म्हैस दिसू लागली. धार झाल्यावर तिनं हात धुऊन दिवा काढून दिला. मी तो पुन्हा खिळ्याला अडकवला.

घरी येऊन पॅसेजमधलं बटण दाबलं. हेवा अजून गेलेला नाही.

आपल्या माणसानं दुसऱ्या कुणाचं लगेच ऐकलं होतं, हे तो गेल्यावर कळलं, तर तुम्ही कुणावर रागावता?